यमुनाकाकूंचं मत

पळस फुलला की लोकांना होळी आठवते, मला खळ आठवते. ज्वारीच्या पिठाची, पितळी गंजात रटरटणारी, बुडाला लागू नये म्हणून हात भरून येईस्तोवर ढवळत बसायची खळ. गार झाली की तिला आंबूस वास सुटायचा आणि तो पदराला, केसांना, पोळीच्या कणकेलासुद्धा लागायचा. घाटंजीला आमचा छोटासा छापखाना होता, पायानं चालवायच्या एका यंत्राचा. निवडणूक आली की लग्नपत्रिका मागे पडायच्या आणि पक्षाची पत्रकं निघायला लागायची. पत्रकात देशाचं भवितव्य असायचं. ते भिंतीला चिकटवायची खळ कोणी करायची, हा प्रश्न मात्र आमच्या लोकशाहीत कधी कोणाला पडला नाही.

यंदाही पळस फुलला आहे. यंदाही जीप फिरते, तिच्या टपावरचा भोंगा गल्लीच्या तोंडाशी येऊन खरखरतो आणि बापूसाहेबांचा जयजयकार करतो. बापूसाहेब पुन्हा उभे आहेत. तब्येत ठणठणीत, दात सगळे जागेवर, आवाज तसाच खणखणीत. माझी धाकटी जाऊ यंदा पहिल्यांदा मत देणार. काल तूर निवडता निवडता ती म्हणाली, "ताई, हा माणूस काही बरा नाही म्हणतात वो. पण पक्ष तं आपला. मंग काय करा लागते अशा वक्ती?"

मी सूप पाखडत राहिले. तिला वाटलं मला ऐकू आलं नाही. ऐकू आलं होतं, पण तूर निवडता निवडता सांगण्यासारखं ते नव्हतं.

बापूसाहेबांच्या त्या जुन्या निवडणुकीचा फाल्गुन वेगळा होता असं म्हणायची माझी इच्छा आहे, पण फाल्गुन सगळे सारखेच असतात. कापसाचा शेवटचा वेचा झालेला, शेतात नुसत्या पऱ्हाट्या उभ्या. सरकी काढायच्या जिनासमोर गाड्यांची रांग, आणि रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना अडकून राहिलेला कापूस. दुपारी चटका, पहाटे अंगावर पांघरूण. आदल्या दिवाळीच्या सुमारास आमचा जिल्हा एका राज्यातून उचलून दुसऱ्या राज्यात ठेवला होता. राजधानी नागपूरहून उठून एकदम मुंबईला गेली होती. घाटंजीच्या बाजारात त्यानं फारसा फरक पडला नव्हता. भाजीवाल्या त्याच होत्या, आणि उमेदवारही कुठून मुंबईहून येणार नव्हते. आमच्या पक्षाचे बापूसाहेब आणि त्यांच्यासमोर जिनाचे मालक शेठजी. पक्षाची निशाणी घागर. आमच्या छापखान्यात घागरीचा ठसा होता, लाकडात कोरलेला. तो छापून छापून तिचा काठ झिजला होता.

बापूसाहेबांबद्दल खोटं कशाला बोलू? मुलींची शाळा त्यांनीच आणली. कोलामांच्या वस्तीवर, पोडावर, विहीर झाली ती त्यांच्याच खटपटीनं. आणि शेठजी कसे होते ते जिनातल्या कोणत्याही हमालाला विचारावं. हमालांनी संप केला तेव्हा शेठजींच्या माणसांनी संपात पुढे असलेल्या करीमभाई मिस्त्रींचा हात असा मोडला की तो पुन्हा सरळ झाला नाही. तेव्हा निवड सोपी होती. सोपी असायला हवी होती.

पण बापूसाहेबांना दोन बायका होत्या.

थोरल्या त्या यमुनाकाकू. माझ्या काकू नव्हत्या, गावाच्याच काकू. पक्षात त्या बापूसाहेबांच्याही आधीच्या, असं जुने लोक म्हणायचे. इंग्रजांच्या काळात त्यांच्या घरी पळून आलेली माणसं लपायची, काकू त्यांना भाकरी करून घालायच्या. एकदा पोलीस आले तर पत्रकांचं गाठोडं मांडीखाली घेऊन त्या जात्यावर बसल्या आणि तास न् तास दळत राहिल्या; पोलीस गेले तेव्हा घरात आठवड्याचं पीठ झालं होतं. ही गोष्ट बापूसाहेब प्रत्येक सभेत सांगायचे. फक्त तिच्यात "आमच्या घरातल्या बाईनं" असं म्हणायचे.

मूल झालं नाही. मग एका उन्हाळ्यात बापूसाहेबांनी दुसरं लग्न केलं. त्या वेळी कायद्याला ते चालत होतं, गावाला तर चालतच होतं. काकूंची रवानगी आमच्या छापखान्यामागच्या गल्लीतल्या दोन खोल्यांत झाली. "तिला मोकळी हवा पाह्यजे," असं बापूसाहेबांनी सांगितलं. त्या खोल्यांना एकच खिडकी होती आणि ती जिनाच्या भिंतीकडे उघडायची. पक्षाच्या बैठकीत ह्या गोष्टीवर चकार शब्द निघाला नाही. तो त्यांचा घरचा प्रश्न होता म्हणे. काकू मात्र बैठकीला येत राहिल्या, मागच्या सतरंजीवर बसत राहिल्या. ठराव वाचला की हात वर करायच्या.

निवडणूक आली आणि काकू सकाळीच आमच्याकडे यायला लागल्या. पत्रकांच्या घड्या घालायच्या. घडी अशी काटेकोर की वाटावं पातळाची घालतात. घडी घालताना वर बापूसाहेबांचा फोटो यायचा, त्यावरून त्यांचा अंगठा फिरायचा आणि पुढचं पत्रक. मी तिरप्या नजरेनं बघायचे. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसायचं नाही, आणि मला त्याचाच राग यायचा.

आमच्या घरात त्या दिवसांत रोज भांडण. भांडण म्हणजे मी बोलायचे आणि हे टाइप जुळवत राहायचे.

"हा माणूस उद्या बायकांच्या भल्याचे कायदे करणार," मी म्हणायचे, "अन् घरची बाई गल्लीत टाकली त्यानं."

"माणसाकडे नको पाहू, निशाणीकडे पाह्य," हे म्हणायचे.

"निशाणी जाऊन बसते का तिथं खुर्चीवर?"

"मंग शेठजीले देतं का? करीमभाईचा हात पाह्यला नं तू?"

"त्याचा हात दिसते. काकूचं काय मोडलं ते दिसत नाही, एवढंच."

"दगडापेक्षा वीट मऊ," असं म्हणून हे यंत्रावर पाय ठेवायचे आणि खटखट सुरू व्हायची. त्या खटखटीत मला पुढचं बोलता येत नसे. ह्यांना ते ठाऊक होतं.

रथसप्तमीला बापूसाहेबांच्या घरी पक्षातर्फे हळदीकुंकू झालं. बायकांची मतं मिळवायची तर तिळगुळाच्या वाटेनंच जावं लागतं, हे कोण्या पुरुषाच्या सुपीक डोक्यातून आलं होतं. आम्ही सगळ्या गेलो, काकूही आल्या. ज्या घरात पंचवीसेक वर्षं चूल पेटवली त्या घराच्या ओसरीवर, पाहुणीसारख्या, भिंतीला टेकून बसल्या. धाकट्या बाई कुंकवाचा करंडा घेऊन रांगेनं येत होत्या. वयानं त्या माझ्याहून लहान, डोळे सदा भेदरलेले. काकूंसमोर आल्या आणि पुढे केलेली बोटं त्यांनी मागे घेतली. कुंकू करंड्यातच सांडलं. काकूंनी त्यांचं मनगट धरलं, आपल्या कपाळाशी आणलं आणि म्हणाल्या, "लाव वो बाई. कुंकू तं एकाच माणसाचं आहे आपलं."

मग कोणीतरी खोकलं, आणि वाणाच्या सुपाऱ्या वाटल्या गेल्या. थोड्या वेळानं बापूसाहेब आले आणि स्त्री हा समाजाचा अर्धा भाग आहे, ह्यावर बोलले. छान बोलले. त्यांना बोलता येतं, यात वादच नाही.

मला आजही कळत नाही की पक्ष म्हणजे बाईला नेमकं काय असतं. पुरुष म्हणतात, पक्ष म्हणजे घर. पण घर कोणतं, माहेर की सासर? माहेर असतं तर काकूंना कोणीतरी विचारलं असतं, पोरी, तुझं कसं चाललंय म्हणून. ते सासरच होतं. सासरच्या माणसांचे दोष बाहेर बोलायचे नाहीत, आपलेच दात आणि आपलेच ओठ. दात ओठाला चावला तर ओठानं काय करावं, हे त्या म्हणीत कोणी सांगितलेलं नाही.

एके दिवशी आम्ही दोघी प्रचाराला बंजाऱ्यांच्या एका तांड्यावर गेलो, बैलगाडीनं. नायकाच्या अंगणात बायका जमल्या होत्या. नायकीण म्हातारी होती, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, डोक्यावरून आरसे लावलेली ओढणी. काकूंनी घागर समजावून सांगितली, पेटी कशी ओळखायची, चिठ्ठी पेटीवर ठेवून यायची नाही तर फटीतून आत टाकायची, सगळं. मागच्या खेपेला पुष्कळ बायका पेटीला नमस्कार करून चिठ्ठी वरच ठेवून आल्या होत्या. नायकिणीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुले घरातून काढलं तो हाच नं?"

"हो," काकू म्हणाल्या.

"अन् त्याच्याच पायी तू उन्हातान्हाची हिंडून राह्यली?"

"त्याच्यापायी नाही. पक्षापायी."

म्हातारीनं ओढणी सारखी केली. मग म्हणाली, "आमच्या तांड्यात माणसानं असं केलं तं पंच बसते बाई. त्याले बसवते, तिले बसवते, अन् मंग बोलते. तुमच्या पक्षात पंच नाही बसत का?"

काकू उठून गाडीकडे निघाल्या. येताना दोन्ही बाजूंना पळस, पानं नसलेला, सगळा नुसता फुलांचा. बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. मी धीर करून विचारलं, "काकू, तुम्ही कोणाले देणार?"

"ठरलं नाही अजून."

मी चमकले. मला वाटलं होतं त्यांचं तरी ठरलेलं असेल. त्या म्हणाल्या, "शेठजीले देणं म्हंजे माह्या हातानं माह्यं जन्माचं काम मातीत घालणं. अन् याले देणं म्हंजे... जाऊ दे. पडद्याआड गेल्यावर ठरवीन. जन्मापासून आजलोक सारं दुसऱ्यानंच ठरवलं सुमन. लग्न त्याईनं ठरवलं, बाहेर काढाचं त्याईनं ठरवलं. तिथं आत कोणी नसते म्हणतात. तेवढं तं मले ठरवू दे."

त्या गाडीतल्या बोलण्यानंतर माझ्यापुरती ती निवडणूक एवढीच उरली. बापूसाहेब येतात की शेठजी, ह्यापेक्षा काकू पडद्याआड जाऊन काय करतात, ह्याच्याकडे माझा जीव लागून राहिला. त्यांनी एक जांभळं लुगडं धुऊन, घडी करून उशाशी ठेवलं होतं, मताच्या दिवसासाठी.

त्याच आठवड्यात शेठजींची माणसं काकूंकडे आली. आमच्या सभेत या, तुमच्यावर काय गुदरलं तेवढं सांगा, म्हणाली. काकूंनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, "माह्या घरचं धुणं मी चावडीवर नाही धुवत." ती माणसं गेली. पण गल्लीतून जाताना त्यांना आमच्या पक्षाच्या लोकांनी पाहिलं होतं. आल्याचं पाहिलं, चहा प्याल्याचं पाहिलं. काकू काय म्हणाल्या ते कोणी ऐकलं नव्हतं आणि विचारायलाही कोणी आलं नाही. छापखान्यात रात्रीच्या जेवणाआधी कुजबुज व्हायला लागली. मी गेले की थांबायची. एकदा मात्र कानावर पडलं, "काकू कायले देते आपल्याले? देईन शेठजीले, अन् सांगत फिरीन वरून."

मतदान शाळेत होतं, बापूसाहेबांनी आणलेल्या मुलींच्या शाळेतच. त्या काळी आतासारखा शिक्का नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर निशाणी चिकटवलेली, आणि पेट्या कापडाच्या आडोशाआड. चिठ्ठी घ्यायची, आत जायचं, हव्या त्या पेटीत टाकायची आणि बाहेर यायचं. आमचे हे पक्षाचे प्रतिनिधी म्हणून सकाळपासून आत बाकावर बसले होते. येणारा माणूस खरा की खोटा ते ओळखणं, हे त्यांचं काम. गावातला प्रत्येक माणूस त्यांना ठाऊक. शेजारी शेठजींचा प्रतिनिधी होता, तो लोहारा गावाहून आणलेला कोणी परका तरुण. त्याला गावातली गाय आणि म्हैस सारखीच.

मी आणि काकू जेवणं आटोपून गेलो. जांभळं लुगडं, ठसठशीत कुंकू. बायकांची रांग लांब होती, उन्हात पाय भाजत होते. काकूंची नजर लग्नाला उभ्या राहिलेल्या मुलीसारखी खाली.

त्यांचा नंबर आला. मी त्यांच्या मागेच. कारकुनानं नाव विचारलं, यादीत बोट फिरवलं आणि म्हणाला, "ह्या नावाचं मत होऊन गेलं."

"कसं होईन?" काकू म्हणाल्या. "मी तं आत्ता आली."

"सकाळीच झालं बाई. हे पाहा, खूण आहे."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पेन्सिलीला टोक काढत होते. टोक आधीच होतं. तेव्हा मला सगळं कळलं. सकाळी बापूसाहेबांची जीप आली होती, धाकट्या बाई डोक्यावरून पदर घेऊन उतरल्या होत्या, यवतमाळहून आलेल्या माणसानं नवराबायकोचा फोटो घेतला होता. ते सगळ्या गावानं पाहिलं होतं. पण धाकट्या बाईंचं नाव यादीत नव्हतंच. नावं लिहायला माणूस आला तेव्हा त्या माहेरी होत्या. उमेदवाराची बायको मत न देता परत गेली तर शोभा होईल. आणि यादीत त्या घराच्या खाली, बापूसाहेबांची बायको म्हणून, एक नाव होतंच. ते कोणाचं, हे त्या खोलीत फक्त एका माणसाला माहीत होतं, आणि त्यानं ते सांगितलं नव्हतं.

केंद्राचे अधिकारी नागपूरकडचे होते. भले गृहस्थ. त्यांनी ह्यांना विचारलं, "ह्या बाईंना तुम्ही ओळखता?"

"ओळखतो," हे म्हणाले.

"ह्याच त्या यमुनाबाई?"

"ह्याच."

"मग सकाळी?"

"सकाळी गर्दी होती," हे म्हणाले.

सकाळी काही गर्दी नव्हती. मला त्या क्षणी माझ्या नवऱ्याची किळस आली. ते लिहायला आजही माझा हात अडखळतो, पण आली.

अधिकाऱ्यांनी काकूंना खुर्ची दिली. म्हणाले, "बाई, तुमचा हक्क जात नाही. तुम्हाला दुसरी चिठ्ठी मिळेल. फक्त ती पेटीत टाकता येणार नाही. तुम्ही कोणाला देता ते मला सांगायचं, मी त्याचं नाव चिठ्ठीवर लिहीन आणि पाकिटात बंद करून ठेवीन."

"म्हंजे पडद्याआड नाही जाता येत?"

"नाही."

"अन् हे मत मोजता केव्हा?"

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. खोटं बोलता आलं असतं त्यांना, पण ते बोलले नाहीत. "पुढं कोर्टकज्जा झाला तर उघडतात. एरवी मोजत नाहीत."

काकू खाली मान घालून बसल्या. रांगेतल्या बायका दारातून आत वाकून बघत होत्या. शेठजींचा तो परका प्रतिनिधीही आता जागा झाला होता. आपल्या मालकाला आयतंच मत मिळणार म्हणून पुढे सरकून बसला.

"नाव सांगायचं का निशाणी?" काकूंनी विचारलं.

"नाव लागेल बाई. लिहावं लागतं."

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. मंगळागौरीला, डोहाळजेवणाला उखाण्यात घेते, तेही लाजून, बायकांच्या गराड्यात. एरवी हे, ते, आमच्या घरचे, दाजीचे बाबा. नवऱ्याचं नाव पांडुरंग असेल तर ती विठ्ठलाच्या आरतीत तेवढा शब्द गाळते. तेव्हा दारातल्या बायकांनी आपसांत ठरवूनच टाकलं असणार की काकू आता शेठजींचं नाव घेतील; दुसरं नाव त्यांना घेताच येणार नव्हतं. मलाही तेच वाटलं. आणि खरं सांगायचं तर मला ते व्हायला हवं होतं.

काकू उठून उभ्या राहिल्या. पदर सारखा केला. हळू आवाजात म्हणाल्या, "वामन विठोबा धामणकर."

दारातली कुजबुज एकदम वाढली. अधिकारी म्हणाले, "माफ करा, ऐकू आलं नाही. पुन्हा सांगता?"

काकूंनी आवाज चढवला. वर्गाच्या आढ्यापर्यंत गेला तो. "वामन. वामन विठोबा धामणकर. लिवा."

बापूसाहेबांचं नाव, पण राव नाही, साहेब नाही. अधिकाऱ्यांनी लिहिलं. बोटाला शाई लावली गेली. दारातल्या एका म्हातारीनं डोळ्यांना पदर लावला, म्हणाली, "देवमाणूस आहे माय. एवढं होऊन बी त्यालेच देल्लं."

मग मी आत गेले. आडोशाआड दोन पेट्या होत्या, एकीवर घागर, आमच्याच ठशाची असावी तशी झिजक्या काठाची वाटली मला. बाहेरून आवाज येत होते, पण आत खरंच कोणी नव्हतं. काकूंना हवी होती ती जागा मला फुकट मिळाली होती. मी शेठजींच्या पेटीवर हात ठेवला. करीमभाई आठवले. हात उचलला. घागरीच्या पेटीवर ठेवला, तर बाकावर बसून पेन्सिल तासणारा माणूस आठवला. किती वेळ उभी होते कोण जाणे, कारकून खाकरला तेव्हा भानावर आले. चिठ्ठी मी घागरीतच टाकली. दगडापेक्षा वीट मऊ, हे खरंच आहे. पण वीटही डोक्यात बसली की खोक पडते, आणि ती मऊ होती म्हणून खोक लवकर भरत नाही.

त्या संध्याकाळी हे घरी आले ते आनंदात. चूळ भरून पाटावर बसले आणि म्हणाले, "पाह्यलं नं? काकूनं आपल्यालेच देल्लं शेवटी. आम्ही उगाच भ्यालो."

"तुम्ही त्यांचं मत चोरलं," मी म्हणाले.

"एका मतानं काय होते वो?"

हाच माणूस महिनाभर गावोगाव सांगत फिरला होता की एकेका मतावर राज्य उभं राहतं. पत्रकात तसं छापलंही होतं, मीच खळ लावली होती त्याला. मी पान वाढलं आणि उठून गेले. आम्ही अजून एकत्र राहतो, बोलतो, सणवार करतो. पण त्या पाटावरच्या वाक्यानंतर मी ह्यांच्याशी पक्षाबद्दल भांडले नाही. हे समजतात की मला पटलं.

बापूसाहेब निवडून आले. गुलालानं रस्ता लाल, बँड, जीपवर झेंडूच्या माळा. मिरवणूक ठरल्या वाटेनं जायची सोडून आमच्या मागच्या गल्लीत वळली आणि काकूंच्या दारात थांबली. काकू उंबऱ्यात उभ्या होत्या, मी त्यांच्या शेजारी. बापूसाहेब जीपवर उभे राहिले, त्यांनी हात जोडले, आणि त्यांचे डोळे खरोखरच भरून आले होते. नाटक नव्हतं ते, म्हणून जास्तच राग आला. म्हणाले, "ह्या माउलीनं सगळ्यांदेखत माझं नाव घेतलं. जगाची लाज सोडून घेतलं. पक्षनिष्ठा कशाला म्हणतात ते हिच्याकडून शिका!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मत दुसरीनं का दिलं, हे कोणी विचारलं नाही. धाकट्या बाई जीपमध्ये खाली मान घालून बसल्या होत्या. बोटावरची शाई दिसू नये म्हणून त्यांनी हात पदराखाली घेतला होता. काकू हसल्या. चांगल्या मोकळ्या हसल्या. कोणीतरी त्यांच्याही कपाळाला गुलाल लावला आणि मिरवणूक पुढं गेली.

काकू पुढं फार वर्षं राहिल्या नाहीत. एका पावसाळ्यात तापानं गेल्या. पक्षानं शोकसभा घेतली, बापूसाहेब छान बोलले, जात्याची गोष्टही सांगितली. माझी जाऊ विचारते त्याचं उत्तर मी काकूंनाच विचारायला हवं असं मला अजून वाटतं, आणि एका अर्थी मी विचारलंही होतं, त्या गुलालाच्याच दिवशी.

मिरवणुकीचा बँड जिनाच्या पलीकडे गेला तशी गल्ली रिकामी झाली. काकू आत येऊन चुलीपुढं बसल्या, पऱ्हाटीच्या काटक्या मोडून चहाचं आधण ठेवलं. मला रडू आवरत नव्हतं. मी म्हणाले, "काहून देल्लं काकू त्याईले? घर घेतलं, मत घेतलं, आता वरून तुमच्या नावानं टाळ्या घेऊन राह्यले. तुमच्या जाग्यावर मी असती तं थुकली असती."

"देल्लं कुठं?" काकू म्हणाल्या. "साहेब म्हणे, हे मोजत नाहीत. मोजलं जाणार असतं तं काय केलं असतं ते माह्यं मले ठाऊक नाही. पडद्याआड गेल्यावर समजलं असतं, पण जाऊ कोणं देल्लं? मोजत नाहीत म्हणे, तवाच ठरलं माह्यं."

"मंग नाव तरी कायले घेतलं त्याईचं? तेही एवढ्या लोकांत?"

काकूंनी चुलीत फुंकर घातली. कपाळावरचा गुलाल घामानं ओघळून नाकापर्यंत आला होता. तो त्यांनी पदरानं पुसला, कुंकवाला धक्का न लावता.

"बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटते म्हणतात," त्या म्हणाल्या. "साहेबाले पहिल्या बारीनं ऐकू नाही आलं. बरं झालं. दोनदा घ्याले भेटलं."